अंगणातली सहावी सूना

समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त एक यादी आहे. श्रावकानं, म्हणजे जैन गृहस्थानं, कोणत्या वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत, त्याची. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, विस्तव, विष, साखळदंड. या दिल्या तर 'हिंसादान' घडतं, आणि अनर्थदंडाच्या, म्हणजे विनाकारण केलेल्या पापाच्या, पाच प्रकारांपैकी ते एक. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, स्वाध्यायात ही यादी मी कितीदा तरी ऐकली असेल. तलवार मागायला आमच्याकडे कोणी येत नाही, साखळदंडही कोणी मागत नाही, त्यामुळे हे व्रत फुकटात पाळलं जात होतं. मग आमच्या अंगणात पाला-फांद्या दळायचं यंत्र आलं आणि शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले भाऊजी कुंपणापलीकडून म्हणाले, "वहिनी, तुमचं ते मशीन रविवारी जरा देता का? आमच्या बोगनवेलीचा डोंगर झालाय."

समंतभद्रांच्या काळी असलं यंत्र नव्हतं. पण ज्यांनी यादीत साधी कुदळ घातली, त्यांनी हे वगळलं असतं असं मला वाटत नाही.

यंत्र धाकट्या मुलानं पुण्याहून पाठवलं. खोक्यावर श्रेडर लिहिलंय, तो मल्चर म्हणतो आणि आमचे माळीमामा 'कुट्टी' म्हणतात, कारण त्यांच्या गोठ्यात कडबाकुट्टी आहे आणि हे तिचंच शहरात वाढलेलं भावंड. 2400 वॅटची मोटर, आत गरगर फिरणारी पोलादी तबकडी, तिच्यावर दोन पाती. चार सेंटिमीटर जाडीपर्यंतची फांदी वरच्या नरसाळ्यात सरकवली की खालून तिचे बारीक तुकडे पडतात. नरसाळं मुद्दाम खोल आणि अरुंद केलेलं असतं, हात पात्यांपर्यंत पोचू नये म्हणून. हात पोचत नाही तसा डोळाही पोचत नाही. आवाज एवढा की कानात बोळे घालावे लागतात. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. चालवणाऱ्याच्या इंद्रियांना इजा होऊ नये म्हणून ती सगळी झाकून घ्यायची, अशी त्याची रीत आहे. ते बरोबरच आहे. माझी अडचण तिथूनच सुरू होते.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. अंगणात दोन आंबे, एक चिकू, सीताफळ, कढीपत्ता, जास्वंद, तगर आणि कोपऱ्यात देशी बदाम. पानगळीत मान बदामाचा. थंडी सरता सरता त्याची वीत-वीतभर लांबीची तांबडी पानं अशी गळतात की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा भरलेलं. वळवाच्या पावसात आंब्याच्या फांद्या मोडतात, त्या वेगळ्याच.

सासूबाईंच्या काळी हे सगळं बंबात जायचं. काटकी उचलायची, फरशीवर दोनदा आपटायची, पोकळ आहे का पाहायची, मग आत. भोक दिसलं तर ती काटकी बाजूला. सरपण शोधून घेणं हा त्यांच्या लेखी पाणी गाळण्याइतकाच सरळ नियम होता. पाणी त्या दुहेरी कापडातून गाळत आणि कापडावर राहिलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडत, कारण ज्या पाण्यात तो जीव वाढला त्याच पाण्यात तो जगेल. पुढे नळ आला. मग जिवाणी सोडायची कुठे, हा त्यांचा प्रश्न आम्ही कोणीच सोडवला नाही. नंतर छपरावर सौरबंब बसला आणि काटक्यांचं काम संपलं. काटक्या मात्र पडतच राहिल्या.

आता त्या जाळता येत नाहीत. डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आणि दंड ठेवला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा ज्याचा त्यानं आपल्या आवारात वेगळा ठेवावा असं सांगितलं. नियम झाले, पण अजूनही थंडीतल्या सकाळी आमच्या गल्लीत धूर दिसतोच. घंटागाडीवाला ओला कचरा घेतो, सुका घेतो, फांद्या म्हटलं की मान हलवतो. म्हणून यंत्र.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना जैन म्हटलं की दुकान आठवतं. सांगली-कोल्हापूरकडचे आम्ही दिगंबर जैन मुळात शेतकरी. ऊस, हळद, सोयाबीन करणारे. माझ्या माहेरी शिरोळ तालुक्यात आजही नांगराशिवाय दिवस जात नाही. तेव्हा माती फोडणाऱ्यानं अहिंसा कशी पाळायची हा प्रश्न आमच्याकडे पोथीत नसतो, बांधावर असतो. त्यावर आमच्या लोकांनी धरलेला आधार जिनसेनांच्या आदिपुराणाचा: ऋषभदेवांनी माणसाला उपजीविकेची जी सहा कर्मं शिकवली, त्यांत असि (शस्त्र) आणि मसि (लेखन) यांच्या बरोबरीनं कृषीही आहे. दुसरा आधार हिंसेच्या चार प्रकारांचा. ठरवून, मारायच्या इच्छेनं केलेली ती संकल्पी. घरकामात होणारी आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होणारी उद्योगी, स्वतःला वाचवताना होणारी विरोधी. गृहस्थानं पूर्ण सोडायची ती पहिली. बाकीच्या तीन शक्य तेवढ्या कमी करायच्या.

या हिशेबानं माझं यंत्र 'आरंभी'त बसतं आणि प्रश्न मिटतो. मिटायला हवा होता, पण मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे. कुंपणाशी पडलेल्या पाल्याच्या ढिगात काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.

महिनाभर पडून राहिलेला ढीग हातानं उलगडून पाहा. मुलांना इंद्रियांप्रमाणे जीवांची वर्गवारी शिकवायला याहून चांगलं साधन नाही. हिरवं पान, अजून ओली असलेली डहाळी, अंकुरणारं बी हे एकेंद्रिय. तळाशी गांडूळ आणि कृमी, द्वींद्रिय. मुंग्या, वाळवी, त्रींद्रिय. माश्या, पतंग, भुंगेरे, चतुरिंद्रिय. आणि ऊब धरून बसलेली सापसुरळी, एखादी चिचुंद्री, पंचेंद्रिय. शिवाय आगमात ज्यांना नाव नाही पण सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतात ते माइट, कोलेंबोला, आणि डोळ्याला दिसते ती बुरशीची पांढरी जाळी. हात लावताच गोल वेटोळं करून बसणारा पैसा कुठे घालायचा यावर वर्गात दर वर्षी वाद व्हायचा. (मुंगीला डोळे असतात, हेही मी त्याच वर्गात शिकवलं. आचार्यांनी तिला तीन इंद्रियं दिली आहेत. त्यावरून ना मी आचार्यांशी भांडले, ना मुलांना खोटं सांगितलं.) सांगायचं एवढंच की असा ढीग नरसाळ्यात ओतणाऱ्या माणसाला 'मला ठाऊक नव्हतं' म्हणता येणार नाही. आणि ठाऊक असून ओतलं तर आरंभी आणि संकल्पी यांच्यामधली भिंत फारच पातळ होते.

हा विषय मी स्वाध्यायात काढला. तिथे तो पुढच्या बऱ्याच बैठका पुरला.

आमच्यातल्या सगळ्यांत वडील काकींचं म्हणणं असं की दळण्याचं पाप नंतर, आधी कुजवण्याचं पाप बघा. पाला कुजला की त्यात जीवोत्पत्ती होते, असंख्य जीव जन्माला येतात आणि मरतात, ते सगळं खत करणाऱ्याच्या माथी. यावर हसणं सोपं आहे. फ्रान्सिस्को रेडीनं 1668 मध्ये मांसाच्या बरणीवर कापड बांधून दाखवलं की अळ्या आपोआप होत नाहीत, माशीनं अंडी घातली तर होतात. कापड बांधून जीव रोखायची ती युक्ती आमच्या सासूबाईंना मुळीच नवी वाटली नसती. पण जीव आपोआप झाले काय आणि अंड्यातून झाले काय, काकींच्या मूळ निरीक्षणाला धक्का लागत नाही. ढीग रचला की त्यात संसार वाढतात. त्यातही नीट रचलेला, ओला-सुका बेताचा ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत अळ्या, अंडी, गांडुळं काहीच राहत नाही. खतवाले त्याला चांगला ढीग म्हणतात. काकींच्या भाषेत तो भट्टी आहे, आणि तापमापक त्यांच्या बाजूनं आहे.

दुसरे एक निवृत्त इंजिनिअर. त्यांनी एक जुनी प्राकृत गाथा काढली. कोणत्या गोष्टी प्रासुक, म्हणजे निर्जीव आणि म्हणून घेण्याजोग्या होतात, त्याची त्यात यादी आहे. वाळलेलं, शिजवलेलं, तापवलेलं, आंबट किंवा मीठ मिसळलेलं आणि यंत्रानं छेदलेलं. "घ्या," ते म्हणाले, "यंत्रातून निघालेला पाला शास्त्रानंच शुद्ध केला." मंडळी हसली. मला त्यात एक अडचण दिसली ती मी सांगितली. ती गाथा छेदून झालेल्या वस्तूबद्दल बोलते. छेदण्याच्या क्षणाबद्दल तिला काही म्हणायचं नाही. ताटातली भाजी प्रासुक झाली म्हणून चिरणाऱ्याचा हात मोकळा होत नसतो.

तिसरं मत स्वाध्यायाबाहेरचं, माझ्या धाकट्या भावाचं. त्याचा वीसेक एकर ऊस. ऊस तुटून गेला की रानात हेक्टरी आठ-दहा टन पाचट उरतं आणि खोडवा राखायचा तर त्याचं काहीतरी करावं लागतं. बहुतेक जण काडी लावतात. एका संध्याकाळी रान काळं आणि मोकळं. हल्ली तो ट्रॅक्टरला पाचट कुट्टी जोडून ते रानातच बारीक करतो आणि सरीत दाबतो, कारण जमीन सुधारते हे त्यानं पाहिलं. पाप-पुण्याचा हिशेब त्यानं कधी केला नाही. मी विचारलं तेव्हा मात्र त्यानं मला गप्प केलं.

"आक्का, इस्तू लावला की पळणारं पळतंय. कुट्टीपुढं कुठं पळतंय?"

ससे, साप, घोरपड धुराच्या वासानं बाहेर पडतात हे खरं आहे. पण पाचटाखालचं गांडूळ कुठे पळणार? पिल्लू कुठे पळणार, अंडं कुठे पळणार? हेमचंद्रांच्या 'योगशास्त्रा'त श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत रानाला आग लावणं आहे आणि यंत्रात घालून पिळणंही आहे. दोन्ही एकाच यादीत. कमी-जास्त त्यांनी सांगितलं नाही, ते आपल्यावर सोडलं. मी भावाला म्हटलं, आगीतून जे पळालं त्याचं घर गेलं, कुट्टीतून जे वाचलं त्याला निदान घर उरतं. त्यालाही ते पटलं असावं, कारण तो विषय बदलून पाण्याच्या पाळीवर बोलायला लागला.

आणि माळीमामा? त्यांना हा प्रश्नच पडत नाही. ते माळकरी, आषाढी चुकवत नाहीत, अंड्यालाही शिवत नाहीत. "बाई, तण उपाटल्याबिगर मळा हुतोय व्हय?" त्यांचे सावतोबा अरणच्या मळ्यात खुरप्यानं तण काढता काढता पांडुरंगाला भेटले, पंढरपूरला न जाता. काम देवाचं म्हणून केलं की त्यातलं मरण-मारणही देवाकडे जमा. मला या श्रद्धेचा हेवा वाटतो. पण आमच्याकडे जमा करायला देवच नाही. तीर्थंकर कोणाचं पाप घेत नाहीत, माफही करत नाहीत. जे केलं ते ज्याचं त्याच्याच खात्यावर राहतं.

गृहस्थाच्या घरात जीव मरण्याच्या पाच जागा आहेत हे वैदिकांनीही मानलं आणि आम्हीही. चूल, जातं, उखळ, केरसुणी, पाण्याचा घडा. याच पंचसूना. मनूनं त्यांच्या दोषावर पंचमहायज्ञ सांगितले. समंतभद्रांनी सांगितलं की घर सोडलेल्या अतिथीला भक्तीनं आहार दिला तर घरकामानं साठलेलं कर्म धुतलं जातं. आज आमच्या अंगणात सहावी सूना आली आहे, ती 2400 वॅटची आहे एवढाच फरक. पण धुण्याच्या या उपायांवर माझं मन फारसं बसत नाही, आणि हे मी आचार्यांविषयीचा आदर ठेवून लिहिते आहे. इकडे मारायचं आणि तिकडे दान द्यायचं हा व्यवहार कारखान्यांनाही कळतो. एका राज्यात धूर सोडतात आणि दुसऱ्या राज्यात झाडं लावल्याची पावती दाखवतात. पावती खरी असते, पण धूरही खराच असतो.

माझ्या कामाचं उत्तर मला उमास्वामींकडे सापडलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांनी हिंसेची जी व्याख्या केली तिच्यात जीव जाणं आहेच, पण त्याआधी प्रमाद आहे. बेसावधपणाच्या पोटी जो घात होतो तो हिंसा. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसा लागलीच. उलट, पाहून पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली एखादा जीव आला तर त्याला त्याचा कर्मबंध नाही. हजार वर्षांहून जुना हा विचार ऐकायला मऊ वाटतो, पण तो फार कडक आहे. कारण त्यात मेलेल्यांची संख्या मोजून सुटता येत नाही. 'माझ्या यंत्रात आज काहीच मेलं नाही' हे सांगून उपयोग नाही. तू पाहिलंस का, एवढाच प्रश्न उरतो.

या विचाराचा गैरवापर कसा होतो तेही मी पाहिलं आहे. 'माझा भाव शुद्ध आहे' म्हणून काहीही करायचं. भाव शुद्ध आहे हे सांगणाऱ्यानं आधी ढीग झटकला होता का, हे विचारावं. सासूबाईंनी भावाविषयी एक अक्षर कधी काढलं नाही. त्या काटकी आपटत.

आणि इथेच यंत्राचा खरा दोष मला दिसतो. पातं तर कोयत्यालाही असतं. पण कोयत्यानं फांदी तोडणारा माणूस एकेक फांदी हातात घेतो, पानाखाली कोळ्याचं जाळं, फांदीच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं त्याला दिसतं. पाहायचं नसलं तरी दिसतं. यंत्र माणसाला न पाहण्याची सोय करून देतं. ते घाई करतं, आवाजानं बोलणं बंद पाडतं, आणि नरसाळं रिकामं दिसलं की हात आपोआप पुढची मोळी उचलतो. प्रमाद यंत्रात भरलेला नसतो हे कबूल. पण त्याच्यासाठी पाट मांडून ठेवलेला असतो.

म्हणून आमच्याकडे ते चालतं ते असं. वाळलेली पानं यंत्रात घालायचीच नाहीत. त्यांना दळायची गरजच नसते. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून चार बोटं जाड पसरली की एका पावसाळ्यात माती होतात. समंतभद्रांनी अनर्थदंडाच्याच प्रमादचर्या या प्रकारात निष्फळ वनस्पतिछेद घातला आहे, आणि अंगण गुळगुळीत दिसावं यापलीकडे पानं दळायला दुसरं फळ मला सापडलं नाही. आपण ज्याला बागेतला कचरा म्हणतो त्यातला निम्मा केरसुणी हातात घेतल्यामुळेच तयार होतो. यंत्रात जातात त्या फक्त फांद्या, कारण लाकडात कर्बाचं प्रमाण नत्राच्या शेकडो पट असतं, अख्खी फांदी कुजायला वर्षं लागतात आणि तोवर वाळवी घर करते. वाळवी घर करून बसल्यावर तिला हात लावणं हे फांदी लगेच दळण्यापेक्षा कितीतरी वाईट. तेव्हा छाटणी झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, ढीग वस्तीला येण्याआधी. प्रत्येक मोळी आधी जुन्या पांढऱ्या धोतरावर झटकायची. कोळी, अळ्या, मुंगळे, हिरवे टोळ, जे पडेल ते धोतरासकट त्याच झाडाच्या बुंध्याशी नेऊन सोडायचं. सासूबाईंची जिवाणी विहिरीत जायची, माझी आंब्याखाली जाते. पोकळ फांदी यंत्रात नाही. एकानं झटकायचं, दुसऱ्यानं घालायचं. एकट्यानं यंत्र सुरू करायचं नाही. आणि चातुर्मासात ते झाकलेलंच राहतं, कारण पावसाळ्यात जमिनीवर पाऊल ठेवायलाही जागा नसते इतके जीव वर येतात. जैन आणि बौद्ध दोन्ही साधू पावसाळ्यात एका जागी थांबतात ते उगाच नाही.

आंब्याची अडचण होते. त्याची छाटणी फळं उतरल्यावर करायची असते आणि तोवर मृग तोंडावर आलेला असतो. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात धावपळ. एखाद्या वर्षी पाऊस आधी येतो, तेव्हा फांद्या कुंपणाशी तशाच पडून राहतात आणि दिवाळीपर्यंत तिथे जे कोणी राहायला येतं ते तिथेच राहतं. त्या ढिगाला मग यंत्र लागत नाही. मुलगा म्हणतो, आई, एवढं महागडं मशीन वर्षातून आठवडाभर चालवतेस. खरं आहे. त्याला ते वाया गेलं वाटतं, मला नाही वाटत.

एवढं करूनही मी निर्दोष ठरत नाही. फांदी स्वतः एकेंद्रिय जीवाचा भाग होती, सालीच्या आतली अळी धोतरावर पडत नाही, आणि तुकड्यांच्या आच्छादनाखाली जे तण गुदमरतं ते माझ्याच इच्छेनं. संध्याकाळी प्रतिक्रमणात या गोष्टी येतात. आल्यानं त्या पुसल्या जातात असं मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी हात थोडा सावकाश चालतो, तेवढा उपयोग पुरे.

फांद्या गोळा करून दुसरीकडे पाठवाव्यात, आपल्या अंगणात हे नको, असं सुचवणारेही भेटले. आमच्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असा हिशेब आहे. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेलं पाहून बरं वाटलेलं, तिन्ही खात्यावर लागतं. कचरा डेपोवरचा मोठा श्रेडर माझ्या फांद्या न झटकताच दळणार. अंगण स्वच्छ आणि हिंसा गावाबाहेर, ही शहराची जुनी खोड आहे. तिच्यापेक्षा अंगणातली सूना बरी. निदान ती दिसते.

भाऊजींना काय सांगितलं ते राहिलं. तेराव्या शतकातल्या आशाधर पंडितांनी 'सागारधर्मामृता'त हिंसादानाचा निषेध करताना थोडी मोकळीक ठेवली आहे. ज्यांच्याशी देण्याघेण्याचा घरोबा आहे त्यांना स्वयंपाकाला विस्तव द्यायला हरकत नाही. शेजारधर्म त्यांनाही कळत होता. पण विस्तव सगळ्यांना वापरता येतो, हे यंत्र वापरता येत नाही. मी म्हटलं, मशीन कुंपणापलीकडे जाणार नाही, तुम्ही फांद्या घेऊन इकडे या, आणि झटकायला तुम्ही उभे राहा. ते आले. धोतरावर पडलेल्या एका मोठ्या हिरव्या अळीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मला तिचं नाव विचारलं. जुन्या सवयीनं मी पतंगाच्या चारही अवस्था सांगितल्या. रविवारची ती सकाळ बोलण्यात गेली आणि निम्म्या फांद्या तशाच राहिल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. आमच्या भागातल्या बऱ्याच बस्त्यांच्या आवारात मोठी झाडं आहेत. बकुळ, अशोक, नारळ, क्वचित वड. त्यांचा पाला रोज सकाळी झाडून एका कोपऱ्यात लावतात आणि पेटवून देतात. आत अभिषेक चाललेला असतो, कोणी हातात मोरपिच्छी घेतलेले मुनी बसलेले असतात आणि खिडकीतून धूर येत असतो. ज्या धर्मानं अग्नीलाही जीव मानलं त्याच्या देवळामागे हे होतं, आणि झाडणाऱ्याला कोणी वेगळं सांगितलेलं नसतं म्हणून तोही बिचारा करत राहतो. यासाठी यंत्र घ्यायची गरज नाही. पानं झाडाखालीच राहू द्या. फक्त वाटेवरची तेवढी झाडा आणि तीही बुंध्याशीच टाका. येत्या चातुर्मासाआधी आपापल्या बस्तीच्या विश्वस्तांशी एवढं बोला, आणि त्यांना बोलून झाल्यावर झाडणाऱ्याशीही बोला, कारण काडी त्याच्या हातात असते.